बिनचूक गृहपाठ

आठवीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची उत्तरं आली की सरांना काही दुरुस्त करावंच लागत नसे. बाकीच्या मुलांच्या वह्यांत 'उर्जा', 'परीणाम', 'विद्यार्थि' यांवर लाल खुणा पडायच्या. आणि जिला दिसतच नाही त्या मुलीचं लेखन छापल्यासारखं स्वच्छ. शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापक तिला पुढे बोलवायचे. ती मोबाइलवर बोट फिरवून धडा वाचून घ्यायची, माइकचं चिन्ह दाबून उत्तर बोलायची आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटायची. मीसुद्धा ते कौतुकाने दाखवत होते. त्या बिनचूकपणामागे काय चाललं होतं हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मी विशेष शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात समावेशित शिक्षणाच्या कामासाठी शाळा फिरते. एका शाळेला आठवड्यातून एक फेरी होते, पावसाळ्यात तीही चुकते. मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, शाळा देत नाही.

पार्श्वभूमी

तिला दृष्टिपटलाचा आजार आहे. आधी तिन्हीसांजेला अंगणात ठेचकाळायला लागली, मग नजर बाजूंनी आक्रसत गेली. चौथीपर्यंत पुस्तक नाकाशी धरून ती वाचत होती, जाड पेनाने लिहीतही होती. पाचवीत फक्त उजेड-अंधार कळण्याइतकी दृष्टी उरली. त्या वर्षी मी तिला ब्रेल शिकवायला घेतलं. पाटीत कागद अडकवून सुईने टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडे, कारण कागद उलटल्यावर टिंबं वर येतात. हे तिला महिन्याभरात जमलं. बाराखडी झाली, जोडाक्षरांना हात घातला आणि मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या.

त्यानंतर माझ्या फेऱ्या थांबल्या. ऑनलाइन वर्गांसाठी घरात पहिल्यांदा स्मार्टफोन आला. मामेभावाने त्यात टॉकबॅक सुरू करून दिलं. बोट ठेवाल ते नाव बोलणारं हे सॉफ्टवेअर अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असतं, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. जगाशी तुटलेली पोर पुन्हा जगाशी जोडली गेली. ती बातम्या, गाणी, धडे सगळं ऐकायला लागली. तिच्या फोनचा वेग इतका असतो की मला एक शब्द कळत नाही, ती मात्र आरामात ऐकते. शाळा उघडल्यावर मी ब्रेलची पाटी घेऊन गेले तेव्हा तिची आजी म्हणाली, "बाई, आता फोनच समदं वाचतोय की. पोरीला टिंबं टोचायला कशापायी लावताय?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. पाटी पिशवीतच राहिली.

कळलं कसं

आठवीच्या दिवाळीआधी शाळेच्या संगणक खोलीतला एक जुना लॅपटॉप मी तिच्यासाठी मागून घेतला आणि त्यावर एनव्हीडीए बसवलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये लिहायला घेतलं. अंध माणसाला डोळस माणसापेक्षा संगणकासाठी जास्त पैसे का मोजावे लागावेत, या प्रश्नातून ते मोफत ठेवलं गेलं. आमच्या भागात हे मोफतपण निर्णायक आहे. पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात काम झालं.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे कळांवरची भारतीय लिप्यांची एक ठरलेली मांडणी, निवडला. दृष्टिहीन मुलांना तो फार सोयीचा पडतो. स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताखाली. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, तिथे दोन्ही तर्जन्या ठेवल्या की डाव्या बोटाखाली पहिली वेलांटी आणि उजव्या बोटाखाली 'र'. तिथून बाकीची अक्षरं मोजत जायची. तीन आठवड्यांत तिला सगळ्या कळा पाठ झाल्या.

पहिलं मनाने लिहिलेलं वाक्य होतं, 'आमच्या म्हशीला रेडकू झालं. ते काळं आहे.' शुद्ध. मी खूश झाले आणि सहज म्हटलं, मागच्या आठवड्यात तू विज्ञानाचं जे उत्तर पाठवलंस तेच आता टाइप कर. तिने लिहिलं, 'प्रकाशसौंश्लेशण'. खाली 'हरीतद्रव्य'. त्याखाली 'विद्न्यान'.

आधी वाटलं कळ चुकली असेल. पुन्हा लिहायला सांगितलं. तेच आलं, आणि अतिशय आत्मविश्वासाने आलं. मी विचारलं, "विज्ञानमध्ये कोणतं जोडाक्षर आहे?" ती म्हणाली, "द, न आणि य. ऐका ना बाई, फोन तसंच म्हणतो."

फोन तसंच म्हणतो, आपण सगळेच तसं म्हणतो. मराठी तोंडात 'ज्ञ' चा उच्चार 'द्न्य' आहे. तिने जे ऐकलं ते इमानाने लिहिलं होतं. बोलून टाइप करताना मात्र फोन तिचा 'विद्न्यान' ऐकून 'विज्ञान' छापत होता. चूक तिच्यापर्यंत कधी पोचलीच नाही, आमच्यापर्यंतही नाही. परीक्षेत लेखनिक होता, तोही ऐकून शुद्ध लिहीत होता. म्हणजे दोन वर्षं या मुलीने स्वतः एकही शब्द लिहिला नव्हता आणि तिच्या नावावर शेकडो पानं शुद्ध लेखन जमा झालं होतं.

पुढच्या फेरीला मी 40 शब्दांचं श्रुतलेखन घेतलं. निम्मे शब्द चौथीपर्यंतच्या पुस्तकांतले, निम्मे त्यानंतरचे. निकाल बघून मी बराच वेळ त्या खोलीत बसून राहिले. पहिल्या गटात दोन-तीन किरकोळ चुका, दुसऱ्यात निम्म्याहून जास्त शब्द चुकलेले. जे शब्द तिने डोळ्यांनी शिकले होते ते शाबूत होते. जे कानांनी शिकले ते कानासारखे लिहिले होते. 'ऋणभार' चा 'रुणभार', 'कृषी' चा 'क्रुशी', 'विशेषण' चा 'विशेशण', 'सिंहासन' चा 'सिंव्हासन'. तिची नजर कोणत्या इयत्तेत गेली हे त्या कागदावरून कुणीही सांगितलं असतं.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी विचारलं की अशा चुका डोळस मुलंही करतात, मग एवढं काय? प्रश्न रास्त आहे. पण डोळस मुलाला 'विज्ञान' हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसतो, एसटीच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, भिंतींवरच्या जाहिराती रोज न शिकवता शिकवत असतात. तिच्यापर्यंत यातलं काहीच येत नाही. शिवाय प्रश्न नुसत्या शुद्धलेखनाचा नाही. 'संवाद', 'संरक्षण', 'संशोधन' हे कानाला 'सौंवाद', 'सौंरक्षण', 'सौंशोधन' लागतात. 'संगीत', 'संताप' आणि 'संपर्क' यांतला अनुस्वार प्रत्येक वेळी वेगळा वाजतो. डोळ्याला मात्र सगळीकडे तेच 'सं' दिसतं आणि हे शब्द एका घरातले आहेत हे न सांगता कळतं. तिच्यासाठी ते एकमेकांचे कुणीच नव्हते. नवा शब्द आला की तो सुटाच पाठ करावा लागत होता, म्हणून आठवीत विज्ञान तिला अचानक जड जायला लागलं होतं. आम्ही त्याला 'अभ्यास वाढला' असं म्हणत होतो.

उपाय, आणि त्यांवरून झालेली भांडणं

पहिला निर्णय मी घाईने घेतला आणि तो चुकला. बोलून टाइप करणं पूर्ण बंद, असं मी जाहीर केलं. वीस मिनिटांचा गृहपाठ दीड तासावर गेला. दुसऱ्याच आठवड्यात ती रडली. "सगळ्यांना सोपं करून देता बाई, आणि माझंच सोपं काढून घेता." तिचं बरोबर होतं. तिला इतिहासाच्या उत्तरात इतिहास सांगायचा असतो, तिथे तिची बोटं अडवून धरण्यात काही अर्थ नव्हता. मग दोघींनी मिळून ठरवलं. इतिहास-भूगोल खुशाल बोलून लिहायचं. मराठीचा गृहपाठ हाताने टाइप करायचा. आणि विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातले पाच नवे शब्द आधी ब्रेलमध्ये टोचायचे, मग टाइप करायचे, त्यानंतरच फोनला सांगायचे.

ब्रेल परत आणण्यामागे एक नेमकं कारण होतं. 'श' आणि 'ष' हे आता मराठी उच्चारात वेगळे राहिलेले नाहीत. फोन कितीही चांगला असला तरी कानाला हा फरक तो देऊ शकत नाही. बोटाला मात्र तो लगेच कळतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे 1951 पासून भारतीय भाषांसाठी असलेल्या सामाईक ब्रेलमध्ये, सहा टिंबांच्या घरात (डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा) 'श' साठी पहिलं, चौथं आणि सहावं टिंब असतं. 'ष' मध्ये हीच तीन, शिवाय दुसरं आणि तिसरं. म्हणजे डावी बाजू पूर्ण भरलेली. मी तिचं बोट आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर ठेवलं. ती दोन-तीनदा पुढे-मागे गेली आणि म्हणाली, "हा भरलेला आहे." आपण लहानपणी 'पोटफोड्या ष' म्हणायचो, तिच्याकडे त्याचं नाव 'भरलेला ष' झालं. 'ज्ञ' ला ब्रेलमध्ये स्वतःचं एकच घर आहे, त्यामुळे द-न-य हा हिशेब आपोआप सुटला. अनुस्वारालाही एकच घर, पाचवं आणि सहावं टिंब. 'संगीत', 'संवाद', 'संपर्क' एकाखाली एक टोचून दिले. ती पहिल्या दोन घरांवरून बोट खाली नेत गेली आणि मध्येच थांबली. "बाई, सगळ्यांची सुरुवात एकच आहे?" माझ्या नोकरीतल्या अगदी मोजक्या क्षणांत मी हा धरते.

ज्यांनी ब्रेल जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक सांगते. ब्रेलमध्ये जोडाक्षर लिहिताना पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते आणि वेलांटी कुठलीही असो, ती व्यंजनानंतरच येते. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ'. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला प्रत्येक मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखता येतं अशा पद्धतीत, टाइप करतानाही आधी 'क' आणि मग वेलांटी. ब्रेल आणि इनस्क्रिप्ट या बाबतीत एकमेकांना पूरक ठरले. जोडाक्षराची खूण मात्र ब्रेलमध्ये आधी आणि कीबोर्डवर मध्ये, तिथे महिनाभर गोंधळ झाला.

लॅपटॉपवर आमची सगळ्यात उपयोगी कळ कोणती ठरली असेल तर खोडायची. 'ज्ञ' हे अक्षर टाइप करून बॅकस्पेस दाबलं की संगणक अख्खं अक्षर खोडत नाही. आधी 'ञ' जातो, मग पाय मोडल्याची खूण, मग 'ज'. प्रत्येक वेळी काय गेलं ते एनव्हीडीए सांगतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, चूक दुरुस्त करताना तिच्याच लक्षात आलं. त्यानंतर कुठलंही अवघड जोडाक्षर आम्ही आधी लिहून मग असं उलगडायचो, घड्याळ उघडून चाकं बघावीत तसं. 'र्‍हस्व', 'दुष्ट' आणि 'दृष्ट', 'क्रूर' आणि 'कृत्रिम'. वाचनाचा वेग या कामासाठी तिला कमी करावा लागायचा आणि ते तिला अजिबात आवडत नसे.

घरातून मदत अनपेक्षित बाजूने आली. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तिने माझ्याकडून ब्रेलचा तक्ता मागून घेतला आणि टिंबं डोळ्यांनी वाचायला शिकली. रात्री भाकरी झाल्यावर ती मुलीने टोचलेले पाच शब्द कंदिलासारखा मोबाइल धरून तपासायची. आडव्या उजेडात टिंबांच्या सावल्या पडतात आणि वाचणं सोपं जातं, ही युक्ती मला तिने शिकवली.

फाइल उघडते, पण वाचता येत नाही

नववीच्या सत्र परीक्षेत वेगळंच संकट आलं. प्रश्नपत्रिकेची फाइल आधीच मागितली होती, वेळेवर मिळालीही. पडद्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसत होती. एनव्हीडीएने वाचायला सुरुवात केली आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांचा भडिमार सुरू झाला. पेपर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. डोळ्याला 'म' दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षरच असतं, आणि एनव्हीडीए संगणकाला जे ठाऊक आहे तेच वाचतं. मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "बाई, हे कुठल्या भाषेत आहे?" शेवटी मी पेपर वाचून दाखवला. तयारी इतकी करून ती पुन्हा परक्याच्या आवाजावर अवलंबून राहिली, याचा मला फार राग आला होता आणि अजून आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत, छापखान्यांत, कार्यालयांत आजही जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. ज्यांना दिसतं त्यांना यात काहीच अडचण दिसत नाही. हे बदलायला एक रुपयाही लागत नाही, युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लागते.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी शाळेपुरता नियम केला की तिच्यासाठी येणारी प्रत्येक फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या फाइली आम्ही रूपांतर करून घ्यायचो, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडायची, म्हणून ओळ न् ओळ तपासावी लागे. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवरून मोफत मिळतात. पीडीएफमधून मजकूर उचलला की काने-मात्रे विस्कटतात, तेव्हा पानांचा फोटो काढून गूगल डॉक्समध्ये अक्षरओळख करून घेतलेली जास्त शुद्ध निघाली. नकाशे, तक्ते, चौकटी मात्र हाताने वर्णन करून लिहाव्या लागल्या. हे काम नववीतल्या तीन मुलींनी वाटून घेतलं. मुख्याध्यापकांना शंका होती की पुस्तक असं टाइप करून देणं कायद्यात बसतं का. बसतं. 2012 च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत करायला मुभा आहे. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, 2014 मध्ये. शाळांना हे कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

गणिताबद्दल थोडक्यात. आकडेमोड टेलर फ्रेमवर झाली, धातूचे छोटे ठोकळे अष्टकोनी खाचांत वेगवेगळ्या कोनांत बसवून. भूमितीला शिंप्याचं दातेरी चाक कामी आलं. जाड कागदाखाली रबर ठेवून चाक फिरवलं की मागच्या बाजूला उठावाची रेघ येते, फक्त आकृती उलटी काढायची आठवण ठेवावी लागते. मी एकदा विसरले आणि काटकोन त्रिकोणाचा काटकोन डावीकडचा उजवीकडे गेला. तिनेच तो पकडला. दरम्यान एका देणगीदारांनी चष्म्यावर बसवायचा बोलका कॅमेरा दिला. महागडा होता, इंग्रजी छान वाचायचा, मराठीचं पान समोर धरलं की गप्प. तो शाळेच्या कपाटात आहे.

दहावी आणि नंतर

दहावीला तिने लेखनिकच घेतला. संगणकावर पेपर लिहिण्याइतका वेग आलेला नव्हता आणि त्या वर्षी तो धोका पत्करायचा नाही, हे तिनेच ठरवलं. मी थोडी हिरमुसले. पण सरावाच्या दिवशी मी शेजारी बसले होते. लेखनिक नववीतली मुलगी, झरझर लिहिणारी. विज्ञानाचा तिसरा प्रश्न सांगताना ही मध्येच थांबली. "संश्लेषण लिहिलंस ना? पहिला शहामृगाचा श, पाय मोडलेला. दुसरा षटकोनाचा ष." लेखनिक मुलीने वहीकडे पाहिलं, खोडरबर काढलं आणि दुरुस्त केलं.

निकालानंतर लॅपटॉप शाळेला परत करावा लागला, तो शाळेचाच होता. कीबोर्ड मात्र तिचा स्वतःचा आहे, तालुक्याच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना आणलेला. छोट्या केबलने तो ती फोनला जोडते. अकरावीला कला शाखा घेतली आहे. तिथल्या प्राध्यापकांच्या नोट्स हस्तलिखिताचे फोटो असतात आणि ते कुठलंच ॲप धड वाचत नाही, त्यामुळे मैत्रिणी वाचून दाखवतात आणि ही टाइप करून घेते. त्यावर अजून वाट सापडलेली नाही.

परवा तिचा मेसेज आला. बोललेला नव्हता, टाइप केलेला होता, ते लगेच कळलं, कारण त्यात चूक होती. 'बाई, राज्यशास्राचं पुस्तक युनिकोडमध्ये कुठे मिळेल?' मी पुस्तकाचं शोधते म्हणून कळवलं आणि खाली लिहिलं, 'शास्त्र' हा शब्द पाटीवर टोचून बघ, एक अक्षर कमी पडतंय. दहा मिनिटांनी नुसता एक शब्द आला, 'राज्यशास्त्र'. त्यानंतर अजून एक मेसेज, 'स, त, र. तिघेही आहेत. फोन त खातो, बाई.'